तळहाताला कळणारा गिअर

नोव्हेंबर लागला की श्टुटगार्टच्या आसपासच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागतं आणि जुन्या स्पोर्ट्‌स कार दिसेनाशा होतात. इथल्या बऱ्याच हौशी मालकांच्या नंबरप्लेटवरच महिने छापलेले असतात, साधारण मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचे. उरलेल्या महिन्यांत ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. एकतर ती घरी झाकून ठेवायची, नाहीतर आमच्याकडे आणून सोडायची. म्हणून आमच्या गॅरेजात हिवाळा हा गिअरबॉक्सचा हंगाम. डबा उतरवायचा, उघडायचा, मोजायचा, झिजलेलं बदलून परत बांधायचा आणि रस्ते कोरडे झाले की चालवून बघायचा, हे माझं काम. येणाऱ्या गाड्यांत बहुतेक पोर्शे ९११, त्याही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या काळातल्या. अधूनमधून एखादी माझ्दा एमएक्स-५ किंवा होंडा एस२००० येते, क्वचित एखादी इटालियन.

मालकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. दुसरा नीट पडत नाही. तिसऱ्यातून खाली आणताना करकरतो. दांडी सैल वाटते. मी ऐकून घेते आणि काही बोलण्याआधी गाडीत बसून, इंजिन बंद ठेवून, दांडी हलवून बघते. मूठ घट्ट धरायची नाही, नुसता तळहात ठेवायचा. न्यूट्रलमध्ये दांडी आडवी किती सहज जाते, सोडल्यावर कुठे येऊन थांबते, हे आधी बघायचं. मग एकेक गिअर सावकाश टाकायचा. धडधाकट डब्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या कळतात. स्प्रिंगने दाबलेली गोळी आपल्या खाचेतून वर चढते तो पहिला विरोध. चढण संपली की दांडी आपणहून पुढे ओढली जाते, तो दुसरा क्षण. आणि शेवटी धातूवर धातू टेकतो तो थांबा. हा थांबा स्पष्ट हवा. तो मऊ लागला, तर मुठीपासून डब्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी रबर किंवा प्लास्टिक संपलेलं आहे.

९११ मध्ये ही वाट लांब आहे. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, त्याच्या पुढच्या अंगाला गिअरबॉक्स, तो मागच्या चिमुकल्या सीटांखाली. दांडी मात्र पुढे, चालकाच्या हाताशी. दोघांना जोडणारा रॉड गाडीच्या मधल्या बोगद्यातून जातो आणि त्याच्या मागच्या टोकाला एक कपलिंग असतं. मागच्या सीटांच्या मधलं एक झाकण काढलं की ते दिसतं. त्यातले प्लास्टिकचे बुश वर्षानुवर्षांत झिजून भुगा होतात. मग हाताने दिलेली हालचाल आधी त्या झिजलेल्या पोकळीत मुरते आणि उरलेली डब्यापर्यंत पोहोचते. सिंक्रो (सिंक्रोनायझर, गिअर टाकताना वेग जुळवणारे आतले भाग) गेले असं ठरवून आलेल्या मालकांपैकी काहींचा दोष या स्वस्त बुशमध्ये निघतो, काहींचा क्लचच्या केबलमध्ये. केबल ढिली असेल तर पेडल खालपर्यंत दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, इंजिन डब्याला थोडं ओढत राहतं आणि बिचारा सिंक्रो त्या ओढीशी झगडत झिजतो. आमचे माइस्टर, म्हणजे गॅरेजचे मुख्य कारागीर, या क्रमाबद्दल फार कडक आहेत: आधी बुश, मग केबल, मग तेल, आणि एवढं करून तक्रार उरली तरच डबा खाली. मला ही शिस्त आवडते. डबा उघडण्याचं बिल मोठं असतं आणि ते लावण्याआधी आपण खात्री केलेली असावी.

एमएक्स-५ मध्ये ही सगळी भानगड नाही. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून तिची दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभी आहे. मधे ना रॉड, ना केबल. मनगट जरासं हललं की गिअर पडतो आणि आत जे घडतं ते लगेच हाताला पोहोचतं. जुन्या एमएक्स-५ मध्ये दांडीच्या बुडाशी थोडं तेल वेगळं साठवलेलं असतं. ते आटतं, खालचा नायलॉनचा बुश झिजतो, रबरी टोप्या फाटून डब्याची ऊब आणि आवाज वर यायला लागतो. हे तीन किरकोळ भाग बदलले की तासाभरात दांडी पुन्हा ताजी होते. कमी पैशात मालकाला इतकं सुख देणारी दुसरी दुरुस्ती मला ठाऊक नाही.

आता आत काय घडतं ते सांगायला हवं, कारण हाताला जे कळतं त्याचं मूळ तिथे आहे. आजच्या मॅन्युअल डब्यात पुढे जाण्याचे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. दांडी हलवली की दातांची चाकं सरकत नाहीत. सरकते ती एक स्लीव्ह, आणि ती त्या त्या गिअरला शाफ्टशी जोडते. अडचण अशी की स्लीव्ह एका वेगाने फिरत असते आणि गिअर दुसऱ्या. पहिल्या गिअरमध्ये सहा हजार फेऱ्यांपर्यंत ताणून दुसरा टाकायचा म्हटलं, तर जुन्या ९११ मध्ये डब्याच्या आत जाणारा शाफ्ट साधारण साडेतीन हजारांवर उतरावा लागतो, तोही क्लच दाबलेला असतानाच्या त्या क्षणात. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं तिच्याबरोबर पळतो, वेग जुळला की दांडा धरतो आणि पाय वर टाकतो. सिंक्रोनायझर ती चार पावलं पळतो. १९२८ मध्ये कॅडिलॅकने तो पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत बसवला. त्याआधी हे पळणं चालकालाच करावं लागे.

प्रचलित रचनेत एक निमुळती रिंग असते, बहुधा पितळी, आणि तिच्या आतल्या अंगावर बारीक आटे कापलेले असतात. स्लीव्ह पुढे सरकली की ती रिंग गिअरच्या निमुळत्या खांद्यावर दाबली जाते, आटे तेलाचा थर कापून बाजूला सारतात आणि घर्षणाने वेग जुळायला लागतो. तोवर रिंगचे तिरपे दात स्लीव्हला पुढे जाऊ देत नाहीत. कितीही ढकला, वेगात फरक आहे तोवर वाट बंद. फरक संपला की घर्षणही संपतं, रिंग जराशी बाजूला होते आणि स्लीव्ह तिच्यातून पार होऊन गिअरच्या दातांवर बसते. तळहाताला हा सगळा प्रकार आधी एक भिंत आणि मग तिचं अचानक नाहीसं होणं, असा जाणवतो. ती भिंत किती वेळ टिकली यावरून वेगातला फरक किती होता हे कळतं. ती न लागताच करकर झाली, तर रिंगची पकड गेलेली असते.

१९७२ ते १९८६ या काळातल्या ९११ मध्ये ९१५ नावाचा डबा आहे आणि त्यातला सिंक्रो याहून वेगळा आहे. तो पोर्शेने स्वतः घडवलेला, पुढे अल्फा रोमिओ आणि फेरारीनेही ही पद्धत वापरली. त्यात निमुळती पितळी रिंग नाही. मॉलिब्डेनमचा लेप दिलेली पोलादी रिंग आहे, एका जागी कापलेली, आणि तिच्या पोटात पट्ट्या बसवलेल्या. स्लीव्ह त्या रिंगवर चढायला लागली की रिंग ओढली जाते, आतल्या पट्ट्या तिला बाहेर रेटतात, आणि वेगात फरक असेपर्यंत हा रेटा स्वतःच वाढत राहतो. वेग जुळला की पट्ट्या सैल पडतात, रिंग आकसते, स्लीव्ह पुढे जाते. हाताला यात भिंत लागत नाही. विरोध चढत जातो, घट्ट होतो आणि मग ओसरतो. म्हणून ९१५ ला घाई चालत नाही. दांडीवर एकसारखा दाब ठेवायचा आणि डब्याला त्याचा वेळ घेऊ द्यायचा. गाडी उभी असताना पहिला अडला तर आधी दुसऱ्याला टेकवून मग पहिल्यात यायचं, हे जुन्या मालकांना कोणी सांगावं लागत नाही.

१९८७ च्या मॉडेलपासून ९११ ला जी५० डबा आला. त्याच्यात प्रचलित निमुळत्या रिंगा आहेत, क्लच केबलऐवजी हायड्रॉलिक आहे आणि बाजारात त्या पिढीच्या शेवटच्या तीन वर्षांच्या गाड्यांना त्यासाठी जास्त भाव मिळतो. जी५० निर्विवाद सोपा आहे. ज्याला रोज गाडी चालवायची त्याला मी तोच घ्यायला सांगेन. पण नीट बांधलेला ९१५ मला अधिक जवळचा वाटतो. त्यात विरोध वाढताना आणि कमी होताना हाताला कळतो, तो एकदम उघडझाप करत नाही, आणि त्यामुळे आत काय चाललंय याची बातमी सलग मिळते. डबा बिघडला की लोक त्याला नावं ठेवतात. झिजलेल्या रिंगा आणि भुगा झालेले बुश घेऊन फिरणाऱ्या गाडीवरून त्यांनी ते मत बनवलेलं असतं.

सिंक्रो नसलेल्या डब्याशी माझी ओळख मात्र कारमधली नाही. आमचे अण्णा एसटीत चालक होते, कराड आगारात. कराड-चिपळूणची गाडी त्यांच्याकडे असली की सुटीत मी कधीकधी पुढच्या सीटवर बसून जायची. त्या काळच्या गाडीला कुंभार्ली घाटात खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच करावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. मधल्या त्या रेसमध्ये डब्यातला शाफ्ट वेगात येतो आणि दात जुळतात. अण्णा ते आवाजावर करत. रेस किती द्यायची हे चढ आणि माणसं किती भरलीत यावरून त्यांचा पाय ठरवायचा. गिअर आवाज न करता पडला की गाडी खालच्या सुरात ओढायला लागे. "दांडीला ढकलू नये, बोलावलं की येते," असं ते म्हणायचे आणि मला ते तेव्हा नुसतंच ऐकायला छान वाटायचं.

त्याचा अर्थ मला भोसरीच्या एमआयडीसीत कळला. तिथल्या एका कारखान्यात मी सिंक्रोच्या निमुळत्या पृष्ठभागाचं ग्राइंडिंग आणि मोजमाप करत होते. तो कोन साधारण साडेसहा अंशांच्या आसपास असतो. जास्त उभट केला तर रिंग खांद्यावरच रुतून बसते आणि सुटत नाही, जास्त पसरट केला तर घर्षण पुरत नाही आणि दात अडखळतात. पृष्ठभाग किती खडबडीत ठेवायचा यावरही असाच वाद. पुढे पुण्यातच मी चाचणीच्या विभागात गेले. तिथे दांडीच्या मुठीवर बल मोजणारा सेन्सर लावून, दुसऱ्याने अंतर मोजून, गिअर टाकतानाची रेषा पडद्यावर काढत. त्या रेषेत सगळं दिसतं. गोळी चढताना आलेला छोटा उंचवटा, सिंक्रोची भिंत म्हणजे मोठा उंचवटा, मग उतार, आणि कधीकधी त्या उतारावर पुन्हा एक लहानसा टोचा. स्लीव्हचे दात गिअरच्या दातांवर टोकाला टोक आपटून मग घसरतात, त्याचा तो टोचा. गाडी चालवणाऱ्याला तो नुसता खरखरीत वाटतो. हा दुसरा टोचा काढायला माणसं महिनेच्या महिने दातांच्या टोकांचे कोन बदलून बघतात.

रेषा उपयोगी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. दोन डब्यांची तुलना करायची असेल तर हात आज थकलेला आहे की ताजा, याचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण सारख्याच रेषा काढणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक हाताला हवीशी वाटते आणि एक नाही, हेही मी तिथेच अनुभवलं. काही कारणं नंतर उमगली. दांडीचं आणि मुठीचं वजन हे एक. जड मूठ एकदा चालायला लागली की स्वतःच्या गतीने सिंक्रोची भिंत पार करून जाते आणि हाताला कमी झटके बसतात. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप-आर च्या मुठीत ९० ग्रॅमचं वजन घातलं ते याचसाठी. दुसरं कारण आवाजाचं. गिअर बसल्याचा खट आवाज आणि हाताला लागलेला थांबा एकाच क्षणी आले तर मेंदू त्यांना एकच घटना मानतो. उघड्या धातूच्या जाळीतून फिरणारी जुन्या फेरारीची दांडी लोकांना इतकी का आवडते, याचं अर्धं उत्तर त्या आवाजात आहे. हाताचं म्हणाल, तर त्याच फेरारींपैकी कित्येकींचा दुसरा गिअर तेल तापेपर्यंत टाकूच नये अशी अवस्था असते. जाणते मालक पहिल्यातून सरळ तिसऱ्यात जातात.

जर्मनीत आल्यावर मला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. इथे स्टिअरिंग डावीकडे, दांडी उजव्या हाताला. माझा सगळा गिअरचा अनुभव डाव्या हातात साठलेला. उजवा हात पाना फिरवणारा, ताकदीचा. तो दांडीला ढकलतो. डावा हात विचारत विचारत जातो. रस्त्यावर उजव्या हाताला वळण लावलं: दुसऱ्यात खेचताना फक्त बोटं, तिसऱ्यात सारताना तळहाताचा खालचा भाग, अंगठा मोकळा. पण गॅरेजात तपासणी करताना मी आजही शेजारच्या सीटवर जाऊन बसते, कारण तिथून दांडी डाव्या हाताला येते. कपलिंगमधला केसभर खेळ मला त्या हाताला आधी कळतो. माइस्टरांना याचं काही वाटत नाही. ते स्वतः डोळे मिटून दांडी हलवतात.

डबा टेबलावर उघडल्यावरचं काम सावकाशीचं आहे. ९१५ चे शाफ्ट बाहेर काढले की दुसऱ्या गिअरची रिंग आधी बघायची, कारण शहरात सगळ्यात जास्त राबतो तो दुसरा. नव्या रिंगवर लेप सलग राखाडी असतो. झिजलेल्या रिंगवर मधोमध चकचकीत पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे जिथे पकड संपली ती जागा. रिंग बदलली आणि स्लीव्हच्या आतले दात टोकाला गोल झालेले तसेच ठेवले, तर सहा महिन्यांत तक्रार परत येते. पैसे वाचवायला मालक हेच सुचवतात आणि मी त्यांना ती स्लीव्ह हातात देते. नखाने टोक चाचपलं की त्यांचं त्यांनाच पटतं. मग फोर्क, म्हणजे स्लीव्हला सरकवणारा काटा. स्लीव्ह दोन्ही बाजूंना पुरेपूर बसते की नाही हे फोर्कच्या जागेवर ठरतं. तो जरा इकडे सरकला तर एक गिअर छान बसतो आणि त्याच्या समोरचा अर्धवट राहून चढावर सुटतो. या एका जुळवणीला मी सकाळची वेळ ठेवते, जेव्हा कोणी हाक मारत नाही.

तेलावर आमच्याकडे वाद होतात आणि ते मला पटतात, कारण प्रश्न खरोखर अवघड आहे. ९११ मध्ये गिअर आणि डिफरन्शियल एकाच घरात, एकाच तेलात. डिफरन्शियलचे दात एकमेकांवर जबर दाबाने घसरतात. त्यांना असं तेल हवं जे दाबाखालीही धातूला धातू टेकू देणार नाही. सिंक्रोला उलट हवं. त्याचं सगळं काम घर्षणावर चालतं, तेल फार निसरडं झालं तर तो पकड घेणारच नाही. तीन लिटर तेलाने दोघांचं समाधान करायचं. पितळी रिंगांच्या डब्यात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. डिफरन्शियलसाठी बनवलेल्या काही तेलांतली गंधकाची संयुगं पितळाला खातात. म्हणून डब्यावर जी प्रत लिहिली आहे तीच घालावी, दुकानात महाग दिसली म्हणून दुसरी घालू नये. आणि तेल थंड असेल तर थांबावं. इंजिनाचा काटा वर आला म्हणजे डबा तापला असं नाही, डब्याला त्याहून बराच वेळ लागतो. घट्ट तेल रिंगच्या आट्यांतून लवकर हटत नाही, आणि नेमकी तिथेच सकाळची ती पहिली करकर होते.

काही मालक छोट्या फेऱ्याची दांडी बसवून मागतात. दांडीचा खालचा भाग लांब केला की मुठीला कमी अंतर जावं लागतं आणि गाडी चपळ वाटते. मी जुन्या ९११ वर ती बसवायला तयार नसते. सिंक्रोला जे काम करायचं आहे ते कमी होत नाही, अंतर घटलं की बल तेवढं वाढतं, आणि वाढलेलं बल लावणारा हात मग आत काय घडतंय ते ऐकत नाही. दांडीचा फेरा जरा मोठा असावा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधे न्यूट्रलमधली ती मोकळी जागा लागते, तिथे क्षणभर रेंगाळायला मिळतं आणि शाफ्टही तेवढ्यात उतरतो.

खाली गिअर टाकताना टाच आणि चवडा एकाच वेळी वापरून ब्रेकबरोबर रेस देतात. पाहायला छान असतं आणि क्लच सोडताना धक्का बसत नाही. पण त्या वेळी क्लच दाबलेला असेल तर ती रेस इंजिनापुरतीच राहते, डब्यातल्या शाफ्टपर्यंत पोहोचत नाही, आणि सिंक्रोला त्याचं काम पूर्ण करावंच लागतं. त्याला मदत करायची असेल तर अण्णांसारखं न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायला हवी. थकलेल्या ९१५ वर मी तसंच करते. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दांडी मग कसलाही विरोध न करता आत जाते आणि त्या क्षणी वेग बरोबर जुळल्याचा पुरावा तळहातात असतो. दुसऱ्या कुणी सांगायची गरज लागत नाही.

आता ही सगळी कामं यंत्र करतं, आणि माणसाहून वेगाने करतं. दोन क्लचच्या स्वयंचलित डब्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये ९११ जीटी३ फक्त त्या डब्यात मिळायला लागली तेव्हा हिशेब लॅपच्या वेळेचा होता आणि तो चूक नव्हता. तरी २०१६ मध्ये सहा गिअरच्या मॅन्युअल डब्याची ९११ आर निघाली, अवघ्या ९९१ गाड्या, आणि तिच्यासाठी लोकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजले. पुढच्याच वर्षी जीटी३ ला मॅन्युअल परत मिळाला. आर विकत घेणाऱ्यांतल्या काहींनी ती नफ्यासाठी घेतली हे उघड आहे. पण उरलेल्यांना मी ओळखते, ते आमच्याकडे येतात. त्यांना हळू जायला चालतं, फक्त गाडी आणि आपण यांच्यातला एक निर्णय आपल्याकडे हवा असतो: कधी, कोणता, आणि किती सफाईने.

मला काळजी वाटते ती हातांची. २०२१ पासून जर्मनीत स्वयंचलित गाडीवर परीक्षा देऊनही मॅन्युअल चालवण्याचा परवाना मिळतो, आधी मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान दहा तास आणि ड्रायव्हिंग स्कूलची छोटी चाचणी झाली की पुरे. आमच्याकडचा नवा शिकाऊ मुलगा असाच आला. हुशार, हाताला चांगला, पण दांडीशी त्याचा संबंध तेवढ्या तासांचा. मी त्याला गाडीत बसवलं नाही. उघडा डबा टेबलावर ठेवला, एका हाताने शाफ्ट फिरवत राहायला सांगितलं आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या गिअरचा फोर्क सरकवायला. रिंग कशी ओढली जाते, स्लीव्ह कशी थांबते, शाफ्टला उलट ओढ कशी लागते, हे त्याने स्वतःच्या दोन हातांत एकाच वेळी अनुभवलं. एका हाताने दिलेला वेग दुसऱ्या हाताला विरोध म्हणून परत येत होता. तो बराच वेळ तेच करत बसला. मी त्याला हाक मारली नाही.

एप्रिलमध्ये तोच डबा एका १९८१ च्या ९११ एससी मध्ये बसवून आम्ही दोघं बाहेर पडलो. लेओनबर्गजवळून माडेनटालच्या वळणांत शिरणारा रस्ता जुन्या सोलिट्यूड शर्यतमार्गाचा भाग आहे. १९६५ पर्यंत तिथे शर्यती होत, आणि १९६२ मध्ये डॅन गर्नीने पोर्शेच्या फॉर्म्युला वन गाडीत तिथली शर्यत जिंकली होती. आता तो साधा सार्वजनिक रस्ता आहे, झाडीतून वळत जाणारा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरसाठी उत्तम. तेल तापेपर्यंत मी चालवली, मग त्याला दिली आणि शेजारी बसले. सुरुवातीला तो दांडी घट्ट धरत होता. काही वळणांनंतर बोटं सैल झाली आणि इंजिनाचा आवाज उतरायची वाट बघून तो गिअर टाकायला लागला. तिसरा सुरेख पडत होता. चौथा, पाचवाही.

ग्लेम्सएकजवळ त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, दुसरा बसतो पण शेवट स्पष्ट लागत नाही, तिसऱ्याचा लागतो. मी दांडीवर डावा हात ठेवून बघितलं. त्याचं बरोबर होतं. थांबा किंचित मऊ होता, कपलिंगचा रॉड केसभर फिरवून बसवायला हवा होता. डबा उतरवायचं कारण नव्हतं. मागच्या सीटांमधलं झाकण काढून त्याने १३ चा पाना मागितला, क्लॅम्प सैल केला, रॉड थोडा वळवला आणि आवळण्याआधी मला दांडी दुसऱ्यात टेकवून धरायला सांगितली.